समुद्री ब्रिसल वर्म ओळखायचा कसा: अलिट्टा व्हायरेन्स समोर ठेवून डोक्यापासून शेपटीपर्यंत

शाळेत वलयांकित प्राणी शिकताना गांडूळ आणि जळूच्या शेजारी नेरीसचं नाव येतं, एक आकृती असते, परापाद (बाजूला असलेले पायासारखे अवयव) म्हणून एक बाण असतो आणि विषय संपतो. मग कधी खरा वर्म समोर आला की लोक रंग बघतात, लांबी मोजतात, मोबाइलवर दोन फोटो काढतात आणि विचारतात "हा कोणता?" आता फोटोवरून फॅमिलीपर्यंत जाता येतं बऱ्याचदा, पण स्पीशीज सांगणं जवळपास अशक्य, कारण ह्या प्राण्यांची ओळख पटवणाऱ्या गोष्टी एकतर घशात लपलेल्या असतात नाहीतर इतक्या बारीक असतात की मायक्रोस्कोपशिवाय दिसतच नाहीत. रंग तर फॉर्मलिनमध्ये टाकल्यावर उडूनच जातो. तेव्हा कुठे बघायचं, कुठल्या क्रमाने बघायचं आणि जे दिसलं त्यावरून वर्गीकरणात कसं उतरायचं हे सांगतो.

उदाहरणाला अलिट्टा व्हायरेन्स घेतोय. हा नेरिडिडी फॅमिलीतला, इंग्रजीत ह्याला किंग रॅगवर्म, सँडवर्म, क्लॅम वर्म अशी वेगवेगळी नावं आहेत. उत्तर अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर आणि उत्तर पॅसिफिकमध्ये भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या चिखल-वाळूत बीळ करून राहतो, बिळाला आतून चिकट म्युकसचं अस्तर असतं. अमेरिकेत मेन राज्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला लोक हा हाताने खणून काढतात, मासेमारीच्या गळाला लावायला. शिकायला हाच का, तर आकार. २० ते ३० सेंमी सहज भरतो, त्यामुळे जी गोष्ट लहान स्पीशीजमध्ये डोळे फाडून बघावी लागते ती इथे साध्या स्टिरिओमायक्रोस्कोपखाली दिसते. एकदा ह्याच्यावर नजर बसली की बाकीचे नेरिडिड सोपे जातात.

आधी हाताळणी. ग्लोव्ह्ज घाला, विशेषतः प्राणी कुठला हे माहीत नसताना. नेरिडिडचे ब्रिसल, म्हणजे अंगावरचे कडक केस, सहसा त्रास देत नाहीत (मोठा असेल तर चावतो मात्र, जबडे खरे असतात), पण अँफिनोमिडी नावाची दुसरी फॅमिली आहे, फायरवर्म म्हणतात त्यांना, त्यांचे पांढरे ठिसूळ केस कातडीत घुसून मोडतात आणि जाम आग होते. केसाळ आणि पांढरे झुपके दिसले की हात लावूच नका.

जिवंत वर्म सरळ फॉर्मलिनमध्ये टाकणं हा सगळ्यात वाईट प्रकार. तो आकसतो, वेटोळं करतो, काही तर तुकडे पाडून घेतात, आणि मग बघायला काही उरत नाही. आधी त्याला सैल करायचं. मॅग्नेशियम क्लोराइडचे स्फटिक, लिटरभर गोड्या पाण्यात साधारण ७५ ग्रॅम, हे द्रावण समुद्राच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळून त्यात ठेवा आणि चिमट्याने टोचल्यावर काहीच हालचाल करत नाही असं होईपर्यंत थांबा. घाई नको, मोठ्या वर्मला वेळ लागतो.

सैल झाला की लगेच, फिक्स करण्याआधी (म्हणजे फॉर्मलिनमध्ये टाकून आहे तसा टिकवण्याआधी), घसा बाहेर काढायचा प्रयत्न करा. हे ह्या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि नेमकं हेच लोक विसरतात. नेरिडिडचा घसा, म्हणजे फॅरिंक्स, सदऱ्याची बाही उलटी करावी तसा तोंडातून उलटा बाहेर पडतो. डोक्याच्या थोडं मागे बोथट चिमट्याने किंवा बोटाने हलकं दाबत पुढे सरकवत न्या, बहुतेक वेळा घसा जबड्यांसकट बाहेर येतो. तसाच धरून फिक्स केला की तसाच राहतो. नाही आला तर जबरदस्ती करू नका, डोकं फाटतं, नंतर कापून बघता येतं, त्याचं खाली सांगतो.

फिक्स करायला समुद्राच्या पाण्यात केलेलं १० टक्के फॉर्मलिन, एक-दोन दिवस, मग पाण्याने नीट धुऊन ७० टक्के अल्कोहोल. फॉर्मलिनचं काम खिडक्या उघड्या ठेवून किंवा फ्यूम हूडखालीच करा. आणि डीएनए करायचा असेल तर फॉर्मलिनमध्ये टाकायच्या आधीच मागच्या बाजूचा छोटा तुकडा कापून ९५ टक्क्यांच्या वरच्या अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा, फॉर्मलिनमध्ये गेलेल्या नमुन्यातून डीएनए काढणं म्हणजे डोकेदुखी आहे.

आता डोकं. वरून बघा. सगळ्यात पुढचा भाग प्रोस्टोमियम, साधारण नासपतीच्या आकाराचा. त्याच्या पुढच्या टोकाला दोन छोटे अँटेना. बाजूला दोन जाड पाल्प, आणि हे पाल्प दोन भागांचे असतात, खाली जाड बुंधा आणि वर छोटंसं बोंड. वर चार डोळे, दोन-दोनच्या जोडीत. त्याच्या मागचं वलय म्हणजे पेरिस्टोमियम, त्यावर केस नाहीत पण दोन्ही बाजूंना लांब मिशांसारखे टेंटॅक्युलर सिरस, प्रत्येक बाजूला चार, म्हणजे एकूण चार जोड्या. हे शांतपणे मोजा. दोन भागांचे पाल्प, चार डोळे, चार जोड्या सिरस आणि घशात दोन जबडे, एवढं जुळलं की फॅमिली नेरिडिडी म्हणायला हरकत नाही.

इथेच काही गोंधळ मिटतात. गळाला लावायला जो ब्लडवर्म विकतात, ग्लायसेरा, त्याचं डोकं लांब टोकदार आणि वलयं-वलयं असलेलं असतं, टोकाला चार इटुकले अँटेना, आणि घसा बाहेर आला की चार जबडे दिसतात, शिवाय त्याला विषग्रंथी असतात. नेफ्टिस नावाच्या दुसऱ्या एका समुद्री वर्मचं डोकं अगदी छोटं पंचकोनी आणि चालही वेगळी. हेसिओनिडी ह्या आणखी एका फॅमिलीमध्ये टेंटॅक्युलर सिरसच्या जोड्या चारापेक्षा जास्त. त्यामुळे "लांब आहे, पाय आहेत, म्हणजे नेरीस" असं करू नका.

आता घसा, इथे जरा रेंगाळू या कारण अर्धं वर्गीकरण ह्याच्यावर उभं आहे. बाहेर आलेल्या घशाची दोन कडी दिसतात. डोक्याजवळचं कडं ते ओरल रिंग आणि लांबचं, ज्याच्या टोकाला दोन काळपट वाकडे दातेरी जबडे आहेत, ते मॅक्सिलरी रिंग. जबडे बघताना एक गंमत माहीत असू द्या, ह्या जबड्यांच्या टोकांना कडकपणा येतो तो प्रोटीनमध्ये बांधल्या गेलेल्या जस्तामुळे, आपल्या दातांसारखा कॅल्शियमचा साठा तिथे नसतो. ग्लायसेराच्या जबड्यात तेच काम तांबं करतं.

दोन्ही कड्यांवर गडद तपकिरी ठिपके दिसतील, ते पॅराग्नाथ, म्हणजे छोटे कडक दाणे. ते कुठेही कसेही उगवलेले नसतात, गटांमध्ये असतात, आणि गटांना रोमन आकडे दिलेत. ही पद्धत स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञ किनबर्गची, एकोणिसाव्या शतकातली, आणि अजून तीच चालते. मॅक्सिलरी रिंगवर पाठीकडून मध्यभागी पहिला भाग, त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरा, पोटाकडून मध्यभागी तिसरा, त्याच्या बाजूंना चौथा. ओरल रिंगवर पाठीकडून मध्यभागी पाचवा, बाजूंना सहावा, आणि पोटाकडचा सलग पट्टा सातवा-आठवा मिळून. वहीत आधी दोन रिकामी चित्रं काढून ठेवा, एक पाठीचं एक पोटाचं, आणि प्रत्येक भागात किती दाणे आणि कुठल्या आकाराचे ते त्यातच भरा. नुसते आकडे लिहून ठेवले की नंतर डावं-उजवं, वर-खाली सगळं एक होतं.

घसा बाहेर आला नसेल तर पोटाच्या बाजूने तोंडापासून मागे बारीक कात्रीने उभा छेद घ्या, अगदी मध्यावर घेऊ नका, जरासा बाजूला, म्हणजे मधला भाग अखंड राहील. आणि लक्षात ठेवा की आत असताना क्रम उलटा असतो, तोंडाजवळ ओरल रिंग येते आणि जबडेवाली मॅक्सिलरी रिंग खोलवर मागे. हे विसरलं की पहिला भाग पाचवा होतो आणि सगळी ओळख भलतीकडे जाते.

दाण्यांच्या आकाराला किंमत आहे. साधे शंकूसारखे दाणे दोन्ही कड्यांवर असतील तर नेरीस, निएँथिस, हेडिस्टी, अलिट्टा ह्या गटात आहात. सहाव्या भागात आडवी पट्टी दिसली तर पेरिनेरीस. अगदी बारीक दाणे एकाला एक चिकटून कंगव्याच्या दात्यांसारख्या रांगा केल्या असतील तर प्लॅटिनेरीस. ओरल रिंग पूर्ण कोरी असेल तर सेराटोनेरीस आणि तिच्या जवळच्यांकडे बघा. संख्या मात्र एकाच स्पीशीजमध्ये प्राण्यागणिक कमीजास्त होते, तेव्हा आयडेंटिफिकेशन कीमध्ये (लक्षणं एकेक करून तपासत नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्यात) दिलेला आकडा रेंज म्हणूनच वाचा. एक दाणा कमी भरला म्हणून लगेच नवीन स्पीशीज सापडली असं समजू नका, हा उत्साह फार बघितलाय.

पुढे परापाद. इथे मोजणी कुठून करायची हे आधी ठरवा. पेरिस्टोमियमला केस नाहीत म्हणून तो मोजायचा नाही, पहिला केस असलेला खंड म्हणजे पहिला सेटिजर, आणि तिथून पुढे. पहिल्या दोन सेटिजरचे परापाद एका शाखेचे असतात, तिसऱ्यापासून दोन शाखा, वरची नोटोपोडियम आणि खालची न्यूरोपोडियम. प्रत्येक शाखेच्या आत एक काळी जाड काडी दिसते, ॲसिक्युलम, ती बाहेर येत नाही, आतून परापादाला आधार देते, स्नायू तिला चिकटतात. वरच्या अंगाला डॉर्सल सिरस, खालच्या अंगाला व्हेंट्रल सिरस.

एक परापाद पुढून, साधारण दहाव्या सेटिजरचा, एक मधल्या भागातला आणि एक मागचा, असे तीन कापा, सगळे एकाच बाजूचे, दुसरी बाजू अखंड राहू द्या कारण नंतर कोणाला तरी परत तपासायला लागेलच. बुंध्याशी कापा, ॲसिक्युलम सकट आला पाहिजे. स्लाइडवर ग्लिसरीनचा थेंब, त्यात परापाद सपाट झोपवून कव्हरस्लिप. तिन्ही स्लाइडवर सेटिजरचा नंबर आत्ताच्या आत्ता लिहा, नंतर लिहितो म्हणालात की झालं.

अलिट्टा व्हायरेन्सची खरी खूण आता दिसते. नोटोपोडियमचा वरचा लोब रुंद, पानासारखा पसरलेला असतो, त्यात रक्तवाहिन्यांचं जाळं, आणि डॉर्सल सिरस त्या पानाच्या वरच्या कडेवर बसलेला. ह्या प्राण्याला वेगळे गिल नाहीत, हे पानच श्वासाचं काम करतं. त्याच्या सख्ख्या भावंडात, अलिट्टा सक्सिनियामध्ये, मागच्या खंडांत हा लोब लांब पट्ट्यासारखा होतो आणि सिरस जवळपास टोकाला जाऊन बसतो. हेडिस्टी डायव्हर्सिकलरमध्ये लोब असे मोठे होतच नाहीत. म्हणजे तिघांच्या मागच्या परापादाच्या स्लाइड शेजारी शेजारी ठेवल्या तर फरक लगेच कळतो, पण पुढचेच परापाद बघितले तर फसगत होते. म्हणून अर्धा तुटलेला वर्म घेऊन स्पीशीज ठरवायला बसू नका.

आता केस, म्हणजे दृढरोम. ४०० पट मोठं करून बघा. नेरिडिडचे केस दोन तुकड्यांचे असतात, एक दांडा आणि त्याच्यावर सांध्याने बसलेलं पातं. दोन प्रश्न विचारायचे. पातं लांब सरळ निमुळतं आहे की आखूड आणि टोकाला वाकलेलं? लांब असेल तर स्पिनिजर, वाकडं असेल तर फाल्सिजर. दुसरा प्रश्न, सांध्यापाशी दांड्याच्या दोन्ही कडा सारख्या उंचीच्या आहेत की एक वर एक खाली? सारख्या तर होमोगॉम्फ, कमीजास्त तर हेटेरोगॉम्फ. फोकसचा स्क्रू सतत वर-खाली करत राहा, केस तिरका पडला असेल तर हेटेरोगॉम्फसुद्धा होमोगॉम्फ दिसतो, म्हणून एका केसावर निर्णय नको, तीन-चार तरी बघा. नोंद करताना "मागच्या नोटोपोडियममध्ये होमोगॉम्फ स्पिनिजर" अशी जागेसकट करा. मागच्या नोटोपोडियममध्ये होमोगॉम्फ फाल्सिजर सापडले तर तुम्ही नेरीस ह्या जीनसमध्ये आहात. तिथे फक्त स्पिनिजर असतील तर निएँथिस, हेडिस्टी, अलिट्टाकडे वळा. मागच्या न्यूरोपोडियमच्या वरच्या झुपक्यात पातं आणि दांडा जुळून एकच झालेला जाड केस दिसला तर हेडिस्टी.

आतली रचना ओळखीसाठी फारशी लागत नाही, पण एखादा आडवा छेद घेऊन बघाच. बाहेर क्युटिकल, त्यातल्या कोलॅजेनच्या एकमेकांवर आडव्या पडलेल्या धाग्यांमुळे अंगावर ती हिरवट-निळी चमक येते. त्याच्या आत गोल स्नायूंचा थर, मग लांब स्नायूंचे चार गठ्ठे, दोन पाठीकडे दोन पोटाकडे. मधोमध सरळ आतडं. पाठीवरच्या रक्तवाहिनीतून रक्त पुढे जातं, पोटाकडच्या वाहिनीतून मागे, आणि हिमोग्लोबिन पेशींमध्ये नसून सरळ रक्तद्रवातच विरघळलेलं असतं. नर्व्ह कॉर्ड पोटाकडे, मेंदू डोक्यात वरच्या बाजूला. कायमचे जननग्रंथी नाहीत, अंडी आणि शुक्राणू शरीराच्या पोकळीत तयार होऊन भरतात, कापल्यावर ढगाळ द्रव बाहेर आला तर प्राणी प्रजननाला आलेला आहे.

आणि प्रजननाला आलेला नेरिडिड म्हणजे वेगळीच भानगड. बऱ्याच स्पीशीजमध्ये तेव्हा डोळे मोठे होतात, परापादांना जास्तीचे लोब फुटतात, जुने केस जाऊन वल्ह्यासारखे चपटे केस येतात आणि बिळात राहणारा प्राणी पाण्यात पोहायला लागतो. ह्या रूपाला हेटेरोनेरीस म्हणतात, आणि एकोणिसाव्या शतकात हे रूप इतकं वेगळं वाटलं की त्याला स्वतंत्र जीनसच देऊन टाकलं होतं. तेव्हा चपटे केस दिसले की केसांच्या खुणा बाजूला ठेवा, घशातल्या दाण्यांवर भर द्या, ते बदलत नाहीत.

आता वर्गीकरण कागदावर मांडू. फायलम ॲनेलिडा, क्लास पॉलिकीटा (ब्रिसल वर्मचा गट), ऑर्डर फायलोडोसिडा, फॅमिली नेरिडिडी, जीनस अलिट्टा, स्पीशीज व्हायरेन्स. पुढे नाव आणि साल: (एम. सार्स, १८३५). तो कंस सजावटीसाठी नाही. मायकेल सार्स हा नॉर्वेतला पाद्री, पुढे प्राध्यापक झाला, त्याने हे नाव दिलं तेव्हा ते नेरीस व्हायरेन्स असं होतं. जीनस नंतर बदललं की मूळ लेखकाचं नाव कंसात जातं, हा प्राणिशास्त्राच्या नामकरणाचा नियम. म्हणून नेरीस पेलाजिका लिनियस, १७५८ ह्याला कंस नाही, तो पहिल्यापासून नेरीसच आहे.

जुन्या पुस्तकांमध्ये हाच वर्म नेरीस व्हायरेन्स, निएँथिस व्हायरेन्स आणि अलिट्टा व्हायरेन्स अशा तीन नावांनी सापडतो आणि नवीन माणूस हैराण होतो. पण आत्ता आपण जे बघितलं त्यावरूनच हे उलगडतं. सगळे मोठे दाणेवाले वर्म आधी नेरीसमध्ये कोंबलेले होते. मग मागच्या नोटोपोडियममध्ये फाल्सिजर नाहीत म्हणून हा निएँथिसमध्ये गेला. पण "अमुक केस नाहीत" हे काही नात्याचं पक्कं लक्षण नव्हे, निएँथिस म्हणजे उरलंसुरलं भरायची पेटी होऊन बसली. अलिट्टा हे नाव किनबर्गने १८६५ मध्येच दिलेलं होतं, निएँथिस, पेरिनेरीस आणि प्लॅटिनेरीससोबत, पण बराच काळ ते बाजूला पडून होतं. २००५ साली बाकेन आणि विल्सन ह्यांनी दाणेवाल्या नेरिडिडची वंशावळ मांडली त्यात हे जीनस परत वापरात आलं, आणि त्याची मोठी खूण तीच, पानासारखा वाढलेला नोटोपोडियमचा लोब. म्हणजे नाव बदललं ते प्राण्यातल्या कुठल्या अवयवाला जास्त वजन द्यायचं हे बदललं म्हणून.

वरच्या पातळीवरही हलवाहलव झालीय. पॉलिकीटा हा क्लास लिहिला जातो, मी पण वर लिहिला, पण २०११ पासूनच्या मोठ्या जनुकीय अभ्यासांत गांडूळ आणि जळू हे पॉलिकीटच्या आतल्याच एका शाखेत, सेडेंटारियात, जाऊन बसले. म्हणजे पॉलिकीटा म्हणून गांडुळांना वगळून काढलेला गट खऱ्या वंशावळीत उभा राहत नाही. आपला अलिट्टा दुसऱ्या शाखेत आहे, एरँशियात, हिंडणाऱ्या शिकारी-बिकारींच्या. रिपोर्टमध्ये क्लास पॉलिकीटा लिहिलंत तर कोणी मारणार नाही, पण एरँशिया लिहिता येत असेल तर लिहा. सध्याचं मान्य नाव तपासायला वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीज हा डेटाबेस उघडा, जुनं नाव टाकलं तरी तो आत्ताचं नाव दाखवतो.

शेवटी लेबल. जाड कागदावर पेन्सिलने, अल्कोहोलमध्ये बॉलपेन आणि प्रिंटरची शाई दोन्ही विरतात. जागा, तारीख, खोली किंवा भरतीच्या पट्ट्यातली उंची, चिखल होता की वाळू, कोणी गोळा केलं, फॉर्मलिन की अल्कोहोल, आणि हे लेबल बाटलीच्या आत टाका, बाहेर चिकटवलेलं गळून पडतं. ज्या परापादांच्या स्लाइड केल्या त्यांचे नंबर त्याच लेबलवर. आणि मागचा भाग तुटलेला होता, घसा उघडता आला नाही, सक्सिनिया की व्हायरेन्स नक्की होत नाही अशी स्थिती असेल तर सरळ "अलिट्टा एसपी." (म्हणजे जीनस कळलं, स्पीशीज नाही) लिहून बाटली बंद करा.